सेल्फ उचलत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

चावी फिरवली, ‘टक्’ असा एक आवाज आला आणि पुढे शांतता. यानंतर जुन्या गाडीचे मालक ठरलेल्या क्रमाने पैसे घालवतात. आधी नवी बॅटरी, मग सेल्फ (इंजिनला पहिले फेरे देणारी स्टार्टर मोटर) काढून रिपेअरला, मग इग्निशन स्विच. शेवटी कुणीतरी एक वायर घासून आवळतो आणि गाडी चालू होते. मीही याच वाटेने गेलोय. माझ्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००ला नवी बॅटरी बसवली, सेल्फचे कार्बन (मोटरला वीज पोचवणारे घासते तुकडे) आणि बुश (मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) बदलून घेतले, तरी सकाळची रडरड संपेना. दोष निघाला गिअरबॉक्सवर आवळलेल्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या वायरीत. लगच्या (वायरीच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या) खाली गंज होता. तो काढायला काचपेपरचा एक तुकडा लागला.

जुन्या गाडीत पार्टपेक्षा जोड आधी मरतात. म्हणून खालचा क्रम बदलू नका. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली सेल्फची चाचणी काहीच सांगत नाही.

हे सगळं कार्ब्युरेटरच्या, हाती गिअरच्या गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर वगैरे. फार जुन्या, ब्रिटिश वळणाच्या काही गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असायचा. तुमची तशी असेल तर खालचे प्लस-मायनस उलटे धरा. मूळची उलटी गाडी मधल्या काळात कुणी सुलट करून घेतलेली असते, म्हणून कंपनीच्या पुस्तकावर भरवसा न ठेवता बॉडीला कुठली वायर गेलीय ते डोळ्यांनी बघा.

## टप्पा १: तयारी

चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. त्याशिवाय १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, ८, १० आणि १२चे पाने, वायर ब्रश, काचपेपर, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन आणि चावी फिरवायला एक माणूस. हा माणूस महत्त्वाचा. एकट्याने खिडकीतून हात घालून चावी फिरवत मीटर वाचायला जाऊ नका.

गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर आणि चाकामागे विटा. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. पाना पॉझिटिव्हवर असताना अंगठी बॉडीला टेकली तर ती क्षणात तापते आणि बोट भाजतं. बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

चाचणीसाठी सेल्फ पुन्हा पुन्हा मारावा लागेल, पण इंजिन चालू होऊन चालणार नाही. इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरची बारीक वायर काढा आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळा. बरेच जण त्याऐवजी कॉइलची जाड वायर उपसून लोंबकळत ठेवतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत त्यामुळे मोड्यूल जळू शकतं.

ध्यानात ठेवा: सेल्फ एका वेळी फार तर १० सेकंद. मग किमान अर्धा-एक मिनिट विश्रांती. सलग दळत बसलं की बऱ्या सेल्फचंही वाइंडिंग तापतं.

## टप्पा २: हेडलाइट लावा, मग चावी फिरवा

अजून कुठलाही पाना उचलायचा नाही. गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावा, मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा आणि भिंतीवरचा उजेड बघा.

उजेड पार गेला किंवा विझायला आला तर बॅटरी उतरलीय, नाहीतर तिचं टर्मिनल ढिलं आहे. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तरी अर्थ तोच. सोलेनॉइड (सेल्फवर बसवलेला, मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) आत खेचला जातो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा खेचला जातो.

उजेड बराच मंदावला आणि सेल्फ कण्हत फिरला, तर बॅटरी अशक्त असेल किंवा सेल्फ अडकत असेल. आधी टप्पा ३.

उजेड जराही हलला नाही आणि आवाजही नाही, तर सोलेनॉइडपर्यंत वीजच पोचत नाही. बॅटरी तपासून थेट टप्पा ६.

चौथ्या प्रकारात लोक हमखास चकतात. उजेड जेमतेम मंदावतो, ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि सेल्फ गप्प. किंवा सेल्फ फिरतो, पण मेल्यासारखा, आणि दिवे मात्र झकास. दिवे झकास म्हणून सेल्फच खराब, असं ठरवून तो उतरवला जातो. पण हेडलाइटचं अर्थिंग बॉडीवर असतं आणि सेल्फचं इंजिनवर. इंजिनचं अर्थिंग गेलं तर दिव्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या गाडीचं हेच झालं होतं.

## टप्पा ३: बॅटरी

आदल्या दिवशी गाडी चालवली असेल किंवा बॅटरी नुकती चार्ज केली असेल तर मीटर खोटा आकडा दाखवतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाच मिनिटं थांबा. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही टोकं लावा.

१२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे तळाशी गेलेली. ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवतेय, म्हणजे ठीक आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा वेगळा मथळाच द्यायला हवा होता. बारा म्हणजे ठीक नाही. आणि चार्ज करूनही आकडा १०.५च्या आसपास अडकत असेल तर सहापैकी एक सेल मेलाय. ती बॅटरी सोडून द्या.

बुचाची बॅटरी असेल तर प्रत्येक सेलमधलं पाणी बघा. प्लेटा बुडालेल्या हव्यात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पाणी झपाट्याने उडतं आणि प्लेटा उघड्या पडल्या की त्या कायमच्या जातात. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. नळाचं नको, आरओचं नको आणि अ‍ॅसिड तर अजिबात नको. उडालेलं असतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं. हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेल मोजा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ने खाली असेल तर तोच आजारी.

आकडा १२.४च्या खाली असेल तर इथे थांबा आणि बॅटरी चार्ज करा. मारुतीच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने आठ-दहा तास द्या. ‘अर्ध्या तासात फुल’ करून देणाऱ्याकडे नेऊ नका.

आता खरी चाचणी. मीटर बॅटरीवर धरून मदतनिसाला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. भरलेली बॅटरी असताना आकडा १०च्या वर राहिला तर ती निर्दोष. ९.६च्या खाली गेला तर बॅटरी थकलीय, किंवा सेल्फ भलताच करंट ओढतोय. दुसऱ्या गाडीची चांगली बॅटरी लावून तीच चाचणी घ्या. तरीही आकडा कोसळला तर बॅटरीवरचा आरोप मागे घ्या आणि टप्पा ७ची तयारी ठेवा.

रस्त्यात अडकलात तर: जंपर केबलचा क्रम असा. आधी उतरलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस, मग चांगलीचा मायनस. शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ नको. बाजारातल्या स्वस्त केबलींत जाड रबर आणि आत चार तारा असतात. त्या लावून सेल्फ फिरला नाही तर दोष केबलचा, तुमच्या गाडीचा नाही.

## टप्पा ४: टर्मिनल

बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर मीटरचं एक टोक टेकवा आणि दुसरं त्याच खुंटीवर चढवलेल्या टर्मिनलवर. दोन्हींमध्ये एक मिलिमीटरही अंतर नाही, त्यामुळे मीटर शून्य दाखवायला हवा. सेल्फ मारताना तिथेच अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढी वीज दोघांमध्ये साचलेल्या काळ्या थरात अडतेय. वरून टर्मिनल चकचकीत असतं, थर आतल्या बाजूला असतो.

काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. हिरवी-पांढरी भुकटी असेल तर सोड्याचं पाणी ओता, फेस येऊन ती सुटते. पण बुचं घट्ट लावलेली हवीत, सोडा सेलमध्ये गेला तर अ‍ॅसिड मारतो. मग खुंटी आणि टर्मिनलचा आतला भाग काचपेपरने उजळेपर्यंत घासा, कोरडं करा, आवळा. व्हॅसलीन आवळल्यानंतर वरून.

टर्मिनल ढिलं होतं म्हणून फटीत खिळा किंवा पत्र्याची पट्टी ठोकलेली सापडली तर ती काढून नवं टर्मिनल घ्या. पट्टी दोनच ठिकाणी टेकते आणि सेल्फचा सगळा करंट त्या दोन टोकांतून जातो. खुंटीवर हातोडीही नको. आतून प्लेटांचा जोड तुटतो.

पडताळणी: टर्मिनल हाताने पिळून बघा. जरा जरी फिरलं तर ते ढिलं आहे.

## टप्पा ५: वीज वाटेत कुठे गळते

हा टप्पा सावकाश करा. नव्वद टक्के लोक तो करतच नाहीत, असं म्हणालो तर आकडा माझ्या मनाचा असेल, पण माझ्याकडे आलेल्या गाड्यांत तो केलेली एकही नव्हती.

छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास करंट घेतो. एवढ्या करंटला वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी एक व्होल्ट खलास. तुमचा मीटर ओहमवर ठेवून हा अडथळा दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. बझर वाजला म्हणून वायर चांगली, हा निष्कर्षही त्यामुळे निकामी आहे. एक तार शाबूत असली तरी बझर वाजतो. म्हणून करंट वाहत असताना व्होल्ट मोजायचे. मीटर अँपिअरवर मुळीच ठेवू नका, त्यातला १० अँपिअरचा फ्यूज जागीच उडेल.

मीटर २ व्होल्ट डीसीवर. प्रत्येक वेळी मदतनीस सेल्फ मारेल आणि तेवढ्या वेळात तुम्ही आकडा वाचाल.

१. अर्थिंग. एक टोक मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. रंगावर किंवा तेलकट थरावर टेकवलंत तर खोटा आकडा येईल. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल.

२. जाड पॉझिटिव्ह केबल. एक टोक प्लसच्या खुंटीवर, दुसरं सेल्फच्या सोलेनॉइडवर जिथे ती केबल आवळलीय त्या बोल्टवर. ०.२ ते ०.३पर्यंत ठीक.

३. सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट. सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट असतात, एक बॅटरीकडून येणारा आणि एक मोटरमध्ये जाणारा. चावी न फिरवता या दोघांत पूर्ण बारा व्होल्ट असतात, म्हणून इथे मीटर २०वर घ्या. सेल्फ मारताक्षणी आकडा ०.२च्या आसपास उतरला पाहिजे. ‘टक्’ आवाज होऊनही तो बाराच्या जवळ राहिला तर आतली तांब्याची चकती जळलीय.

माझ्या गाडीत पहिल्याच जागी १.९ व्होल्ट आले. बॉडीच्या पत्र्याकडे मोजले तर ०.१. म्हणजे बॅटरीपासून बॉडीपर्यंत वाट मोकळी आणि इंजिनकडे जाणारी बंद. त्याआधी महिनाभर एक खूण माझ्या हाताला लागत होती आणि मला ती कळली नव्हती. सेल्फ मारल्यावर क्लचची केबल कोमट व्हायची. इंजिनचं अर्थिंग तुटलं की सेल्फचा करंट परतीसाठी मिळेल ती वाट धरतो: क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, चोकची वायर. यातलं काही गरम लागत असेल किंवा केबलचं प्लॅस्टिक वितळून ती जड झाली असेल तर आधी अर्थिंग बघा.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीचा मायनस काढा, अर्थिंगचा बोल्ट उघडा, लग आणि त्याखालचं लोखंड दोन्ही चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून आवळा. वायर लगजवळ फुगली असेल किंवा वाकवताना आतून करकर वाजत असेल तर हिरवी बुरशी रबराच्या आत शिरलीय. कोकणात, किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. अशी वायर घासून उपयोग नाही. तितक्याच किंवा जास्त जाडीची, दाबून बसवलेल्या लगांची नवी बनवून घ्या. बॅटरीच्या मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला एक जादा वायर टाकली तर अधिक चांगलं. माझ्या मते जुन्या गाडीवर केलेला हा सर्वांत वसूल खर्च.

पडताळणी: दुरुस्तीनंतर तिन्ही आकडे पुन्हा घ्या. एक दोष काढला की करंट वाढतो, आणि मग लपलेला दुसरा दिसायला लागतो.

## टप्पा ६: बारीक वायर आणि इग्निशन स्विच

सोलेनॉइडवर जाड बोल्टांशिवाय एक बारीक वायर येते. चावी फिरवल्यावर तिच्यात वीज येते आणि सोलेनॉइड खेचला जातो. टेस्ट लॅम्पचं एक टोक या वायरीच्या टर्मिनलवर, दुसरं ब्लॉकवर. चावी फिरवल्यावर बल्ब लागलाच नाही तर दोष स्विचचा, मधल्या जोडाचा किंवा उतरलेल्या क्लिपचा. क्लिप आधी बघा, ती फुकटात बसते.

बल्ब लागला म्हणून थांबू नका. बल्बला थोडा करंट पुरतो, सोलेनॉइडला खेचायच्या क्षणी बराच लागतो. क्लिप जागेवर लावलेली असताना मीटरने मोजा. चावी फिरवलेली असताना बॅटरीवरच्या व्होल्टेजपेक्षा इथे एका व्होल्टहून जास्त कमी असेल तर स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत. ‘थंड असताना चालू होते, गरम झाली की चार-पाचदा चावी फिरवावी लागते’ ही तक्रार पुष्कळदा इथली असते, कारण गरम सोलेनॉइडची कॉइल कमी करंट घेते आणि झिजलेल्या वाटेने तोही पुरा येत नाही.

यावर रिले बसवा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच. नेहमीचा चार पायांचा हॉर्न-हेडलाइटचा रिले चालतो, ३० किंवा ४० अँपिअरचा. पाय ३० बॅटरीच्या प्लसला, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज. पाय ८७ सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला. पाय ८६ला स्विचकडून येणारी जुनी वायर. पाय ८५ अर्थिंगला. ३० आणि ८७च्या वायरी ४ चौरस मिलिमीटरच्या घ्या. यानंतर स्विचला फक्त रिलेची कॉइल ओढायची असते.

सावध: बॅटरीच्या प्लसवरून वायरीचा तुकडा थेट त्या बारीक टर्मिनलला टेकवून सेल्फ फिरतो का ते बघता येतं. पण आधी स्वतः गिअर हलवून न्यूट्रलची खात्री करा. गिअरमध्ये असलेली गाडी पुढे उडी मारते, आणि तुम्ही तिच्या तोंडाशी उभे असता.

## टप्पा ७: आता सेल्फ काढा

बॅटरी भरलेली, तिन्ही आकडे बरोबर, बारीक वायरीत पुरी वीज, तरी सेल्फ फिरत नाही. मोटरच्या बोल्टवर ११-१२ व्होल्ट येऊनही मोटर गप्प असेल तर कार्बन झिजलेत. चावी धरून ठेवली असताना सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर तो फिरला तर निदान पक्कं. मात्र या ठोकण्यावर आठवडाभर गाडी चालवू नका. पुढच्या वेळी ती पेट्रोल पंपावर बसेल.

सेल्फ जड फिरतो, जळका वास येतो, बॅटरी ९च्या खाली जाते: बुश झिजून आर्मेचर (मोटरचा आतला फिरता भाग) घासतंय. सेल्फ घूंऽऽ करून मोकळाच फिरतो, इंजिन हलत नाही: बेंडिक्स, म्हणजे सेल्फचा दातेरी गिअर इंजिनला अडकवणारा भाग. हा विजेचा दोष नव्हे.

वायरमनकडे देताना ‘सेल्फ बनवून द्या’ एवढंच सांगू नका. कार्बन, बुश, बेंडिक्स आणि सोलेनॉइड यांतलं काय बदललं ते विचारा आणि जुने पार्ट परत मागा. सोलेनॉइड वेगळा मिळतो, त्याच्यासाठी अख्खा सेल्फ घ्यावा लागत नाही. टेबलावर चाचणी घेत असतील तर सेल्फ शिकंज्यात धरलेला हवा. मोकळा ठेवला तर चालू होताच उसळतो.

## टप्पा ८: सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

कॉइलची काढलेली वायर परत लावलीत का? हसू नका, मी एकदा तासभर इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप तपासत बसलो होतो.

इग्निशन ऑन करून कॉइलच्या प्लसवर वीज बघा. मग एका प्लगची वायर काढून तिला जादा प्लग लावा, त्याचं अंग इंजिनला नीट टेकवून बांधा आणि सेल्फ मारा. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळी-लाल, मरतुकडी असेल तर कॉइल, कंडेन्सर, वायरी बघा. प्लॅटिनम (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट) असलेल्या गाडीत कॉन्टॅक्ट जळलेत का आणि फट किती आहे ते तपासा. साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. पावसाळ्यात सगळ्यात आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतून कोरड्या कापडाने पुसा आणि कोळशाच्या रेघेसारखी बारीक चीर शोधा.

चावी धरलेली असताना इंजिन पेटतं आणि सोडताच मरतं, तर इग्निशनची ‘ऑन’ची वाट तुटलीय: स्विच, किंवा काही गाड्यांत कॉइलच्या आधी असलेला रेझिस्टर.

## टप्पा ९: चालू झाली, पण उद्या सकाळी?

इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ हवेत. कमी असतील तर आधी बेल्ट, मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र). १५च्या वर गेले तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरीचं पाणी उकळतंय. ‘डायनॅमो’ तपासायला चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढणारे उस्ताद अजून आहेत. त्यांना हात लावू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड, गाण्यांचा टेप, इलेक्ट्रॉनिक इग्निशन यांतलं काहीही जाऊ शकतं.

चार्जिंग ठीक असूनही दोन दिवसांत बॅटरी उतरत असेल तर रात्री कुणीतरी वीज पितंय. सगळं बंद करा, मायनसची वायर काढा आणि ती वायर व खुंटी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. या काळात चावीला हात नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत घड्याळ आणि टेपची मेमरी धरून ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवं. जास्त असेल तर फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर चोर. कुठल्याच फ्यूजला पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा, डायोड गळत असेल. सोडवलेल्या त्या वायरीत बॅटरीची वीज असते, तेव्हा ती सोडवायच्या आधी मीटर काढा, टोकाला टेप लावा आणि मगच मीटर परत जोडा.

माझ्या गाडीत ३८० मिलिअँपिअर निघाले. आधीच्या मालकाने बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर, टेपच्या स्विचवर न जोडता थेट बॅटरीवर. स्पीकर कधीच काढून नेले होते.